साठ वर्षं झाली, मग सिनेमा सगळ्यांचा का?

जुन्या गाजलेल्या सिनेमांच्या रिमेकबद्दल वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांतले चार या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : १९५३ चा ‘श्यामची आई’ आम्हाला नव्याने करायचा आहे. सिनेमाचा कॉपीराइट साठ वर्षांचा असतो. म्हणजे आता कोणाची परवानगी नको ना? (वाचक, सातारा)

तुम्ही काय उचलणार, त्यावर आहे. सिनेमात पुस्तक, पटकथा, गाण्याचे शब्द, चाल, ध्वनिमुद्रण अशा चार-पाच वेगवेगळ्या वस्तू असतात आणि कायदा प्रत्येकीची मुदत वेगळी मोजतो. सिनेमा आणि ध्वनिमुद्रण यांना प्रकाशनाच्या पुढच्या १ जानेवारीपासून साठ वर्षं. लेखक, कवी, संगीतकार यांच्या कामाला मात्र त्यांच्या मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून साठ.

आता हिशेब मांडा. साने गुरुजी ११ जून १९५० ला गेले, म्हणून पुस्तकाची मुदत २०१० च्या अखेरीस संपली. सिनेमाची २०१३ च्या अखेरीस. पण पटकथा आचार्य अत्र्यांची, आणि ते गेले १९६९ मध्ये. तिची मुदत ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत आहे. ‘छडी लागे छम छम’ घ्या. त्याची १९५३ ची रेकॉर्ड मोकळी झाली. शब्द अत्र्यांचे, ते २०२९ अखेरपर्यंत राखीव. चाल वसंत देसाईंची. ते १९७५ मध्ये गेले, म्हणून चाल २०३५ अखेरपर्यंत राखीव. नव्या गायकाकडून तेच गाणं गाऊन घेतलं तरी शब्द आणि चाल अशा दोन परवानग्या लागतील.

म्हणून सरळ पुस्तकावरून लिहा. पुस्तक ‘रात्रीं’मध्ये विभागलेलं आहे, त्याचा फायदा घ्या. एक तक्ता करा : डावीकडे आपला प्रसंग, उजवीकडे तो कोणत्या रात्रीतून आला. उजवा रकाना रिकामा राहिला, तर तो प्रसंग तुमच्या डोक्यातून आला की जुन्या सिनेमातून, हे प्रामाणिकपणे तपासा. पटकथा पूर्ण होईपर्यंत लेखकाला जुना सिनेमा दाखवू नका. प्रत्येक खर्डा तारखेसह जपून ठेवा. उद्या वाद झालाच तर तोच पुरावा. नव्या आवृत्त्यांतली प्रस्तावना, टिपा आणि चित्रं यांचे हक्क पुन्हा वेगळे असतात, त्यांना हात लावू नका.

२०२३ मध्ये सुजय डहाके यांनी ‘श्यामची आई’ पुन्हा पडद्यावर आणला, तोही कृष्णधवल. कृष्णधवल रंगसंगतीवर कोणाची मालकी नसते, एवढी गोष्ट तरी फुकट आहे!

प्रश्न : सत्तरच्या दशकातल्या एका हिंदी सिनेमाचे मराठी रिमेक हक्क घेण्यासाठी निर्मात्याच्या मुलाला टोकन दिलं. आता पटकथाकारांची नोटीस आली आहे. (वाचक, पुणे)

‘जंजीर’च्या रिमेकच्या वेळी हेच झालं. मूळ १९७३ चा सिनेमा प्रकाश मेहरांचा. रिमेक निघताच पटकथाकार सलीम-जावेद आपल्या हक्कांसाठी मुंबई उच्च न्यायालयात गेले. नवा सिनेमा ६ सप्टेंबर २०१३ ला लागला खरा, पण प्रदर्शन तोंडावर असताना कोर्टाच्या तारखा कोणत्याच निर्मात्याला परवडत नाहीत.

टोकन देण्याआधी करायचं काम तुम्ही आता करा. सेन्सॉर प्रमाणपत्रावर अर्जदार आणि निर्माता म्हणून कोणाचं नाव आहे ते बघा. ती एकट्याची संस्था होती की भागीदारी? भागीदारी असेल तर मूळ करारपत्र आणि नंतर कोण बाहेर पडलं त्याचे कागद मागा. निर्माता हयात नसेल तर मृत्युपत्र किंवा वारसाचे कागद बघा, आणि सगळ्या वारसांच्या सह्या घ्या. एका मुलाची सही म्हणजे घराची सही नव्हे. जुन्या काळात ‘निगेटिव्ह राइट्स’, म्हणजे सिनेमाच्या मूळ निगेटिव्हवरचे हक्क, एकदम विकून टाकायची पद्धत होती. त्या कागदात रिमेकचा शब्द आहे की नाही, यावर निम्मी भांडणं होतात. मग लेखकाचा करार शोधा. तो सापडला नाही किंवा त्यात हक्क दिल्याचं स्पष्ट नसेल, तर लेखकाशी वेगळा करार करणं कोर्टापेक्षा स्वस्त पडतं. शेवटी एका मराठी आणि एका इंग्रजी वृत्तपत्रात जाहीर नोटीस द्या, हरकतींसाठी पंधरा दिवस ठेवा, आणि मोठा हप्ता त्यानंतरच द्या.

करारपत्रात तीन ओळी हमखास राहून जातात. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. मग अमेरिकेतल्या मराठी मंडळींना सिनेमा दाखवायचा तर पुन्हा दारात उभं राहा. तिसरी ओळ सगळ्यात घातक : कराराने दिलेला हक्क वर्षभरात वापरला नाही आणि करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल, तर तो हस्तांतर-करारच संपुष्टात आला असं मानलं जातं. पटकथा, नट, पैसा जमवताना रिमेकचं वर्ष कसं सरतं ते सांगायला नको. ‘वर्षभरात वापर न झाल्यास हा करार रद्द होणार नाही’ हे वाक्य वकिलाकडून घालून घ्याच.

प्रश्न : गोष्ट बदलली, फक्त जुनं नाव आणि पात्रांची नावं ठेवली तर? (वाचिका, नाशिक)

नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ‘देसी बॉईज’च्या प्रकरणात सांगितलं. पण ट्रेडमार्क, म्हणजे व्यापारातली ओळख बनलेल्या नावावरचा हक्क, ही वेगळी भानगड आहे. ‘शोले’चा रिमेक ‘राम गोपाल वर्मा के शोले’ या नावाने जाहीर झाला होता. २००७ मध्ये लागला तो ‘राम गोपाल वर्मा की आग’ म्हणून, आणि गब्बरचा झाला बब्बन. तरीही २०१५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने रिमेक करणाऱ्यांना १० लाख रुपये दंडात्मक भरपाई द्यायला लावली. नाव बदला.

प्रश्न : रिमेकमध्ये दहा वर्षांचा मुलगा मुख्य भूमिकेत आहे, विहिरीतला प्रसंगही आहे. जुन्या काळी कोणी विचारत नसे. आता काय लागतं? (वाचक, रत्नागिरी)

चौदा वर्षांखालच्या कलाकारासाठी शूटिंग ज्या जिल्ह्यात आहे तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आधी घ्यावी लागते. अर्जासोबत पालकांची संमती आणि मुलाची जबाबदारी घेणाऱ्या माणसाचं नाव द्यायचं. पाच मुलांमागे असा किमान एक माणूस. परवानगी सहा महिने चालते. म्हणजे पावसाळ्यातली भरलेली विहीर आणि उन्हाळ्यातली कोरडी, दोन्ही हवी असतील तर पुन्हा अर्ज करायची तयारी ठेवा.

मुलाचं काम दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, आणि लागोपाठ २७ दिवसांपेक्षा जास्त नाही. मानधनातला किमान २० टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत टाकायचा. वेळापत्रक बिघडतं ते इथेच : मोठ्यांच्या बारा तासांच्या शिफ्टला मुलाचे पाच तास जुळत नाहीत आणि मुख्य भूमिका असली की जवळपास प्रत्येक शॉटला तो हवा असतो. मोठ्यांचे क्लोजअप आणि मुलाच्या पाठीमागून घ्यायचे शॉट उरलेल्या वेळेत, उंची-बांध्याने जुळणाऱ्या सज्ञान डमीवर घ्या.

विहिरीचे शॉट दुपारी, ऊन पाण्यावर असताना, मुलाच्या पहिल्या तीन तासांतच संपवा. पाण्यात दोन पट्टीचे पोहणारे फ्रेमबाहेर ठेवा. एकाच कापडाचे सदरे निदान चार शिवून घ्या. ओला सदरा लगेच वाळत नाही, आणि अर्धवट वाळलेला पुढच्या शॉटला जुळत नाही.