फ्लू बरा होत आला आणि मूल अचानक चालेना, असं होतं का?

हो होतं, आणि बघणाऱ्याचा जीव अर्धा होतो. ताप उतरलेला असतो आणि सकाळी पोरगं पलंगावरून उतरायलाच तयार नाही, उतरलंच तर चवड्यांवर चालतं, पोटऱ्यांना हात लावला तरी ओरडतं. हा मायोसायटिस, म्हणजे स्नायूंची सूज, फ्लूच्या बी टाइपनंतर जास्त दिसतो, तोही शाळकरी मुलग्यांना. रक्तात सीपीके (स्नायूंना इजा झाली की वाढणारं एन्झाइम) खूप वाढलेलं येतं, आकडा बघून घाबरायला होतंच, पण बहुतेकदा आठवड्याभरात आपोआप बरं होतं. मात्र लघवी कोऱ्या चहासारखी झाली, किंवा दुखण्यापेक्षा पायातली ताकदच जातेय असं वाटलं तर लगेच हॉस्पिटल गाठा, तशी लघवी म्हणजे स्नायू जास्तच तुटतायत, आणि ताकद जाणं हे गियां-बारे (नसांवर हल्ला करणारा आजार) असू शकतं. आणि दुखतंय म्हणून अ‍ॅस्पिरिन अजिबात नको, फ्लूमध्ये मुलांना ते दिलं तर रेज सिंड्रोम हा दुर्मिळ पण गंभीर आजार होऊ शकतो, त्यात लिव्हर आणि मेंदू दोन्हीवर येतं.