गणिताचा सराव पाठ आणि इंग्रजीची धास्ती

स.न.वि.वि.

पारोळा तालुक्यातून आलेले आपले पत्र मी दोनदा वाचले. बी.एस्सी.ला गणितात उत्तम गुण मिळवलेली आपली मुलगी बी.एड.च्या पहिल्या वर्षी इंग्रजीतून दोन सराव पाठ घेतल्यावर खचली आहे, आता कॉलेजला जाणेही टाळते, तेव्हा तिला शिकवण्याची आवडच नसावी म्हणून दुसरीकडे वळवावे का, असे आपण विचारले आहे. भाऊ, इतक्यात तसे करू नका.

घरी अहिराणी, शाळेत मराठी आणि कॉलेजात इंग्रजी पुस्तके असे असूनही जिने गणित आपलेसे केले, तिची आवड दोन पाठांत आटत नाही. फळ्यासमोर वाक्य सुचेना, तेव्हा आपल्याला गणितच येत नाही असे तिला वाटू लागले असावे. मराठीत आपण ‘12 मधून 5 वजा करा’ म्हणतो, तेव्हा बोलण्याचा आणि फळ्यावर लिहिण्याचा क्रम एकच असतो. इंग्रजीत मात्र ‘सबट्रॅक्ट फाइव्ह फ्रॉम ट्वेल्व्ह’ म्हणताना पाच आधी येतो, आणि मनात मराठी वाक्य जुळवून ते फिरवू पाहणारी छात्राध्यापिका नेमकी तिथेच थबकते. ‘सत्तेचाळीस’मध्ये सात आधी, ‘फॉर्टी सेव्हन’मध्ये चाळीस आधी. सेमी इंग्रजीची मुलेही इथेच अडखळतात, आणि जिने ही अडचण स्वतः सोसली आहे ती त्यांना अधिक मायेने समजावील, असे मला मनापासून वाटते.

तिला इंग्रजी संभाषणाचा क्लास लावण्याची घाई नको. गणिताच्या तासाला लागणारी वाक्ये मोजकी असतात आणि तीच पुन्हा पुन्हा येतात. पाठ टाचणात उदाहरणाच्या प्रत्येक पायरीपुढे आपण काय बोलणार ते तिने पूर्ण वाक्यात लिहावे. अंश, छेद, कर्ण, लसावि यांच्या इंग्रजी संज्ञा शेजारी मांडाव्यात आणि रोज रात्री एकच उदाहरण मोठ्याने बोलत सोडवावे. समोर आपण बसावे, पण मध्येच टोकू नये.

शिक्षक पात्रता परीक्षेचा विषय सध्या घरात काढू नका. सहावी ते आठवीच्या पेपरात 150 पैकी 60 गुण गणित-विज्ञानाचे असतात, त्यामुळे तिथे तिची बाजू भक्कमच आहे. महिनाभर असा सराव करूनही वर्गात उभे राहणे नकोसेच वाटले, तर एम.एस्सी.चा विचार अवश्य करू.

तिचा पुढचा पाठ कोणत्या घटकावर आहे ते कळवा, त्याला लागणारी वाक्ये मी लिहून पाठवीन.