‘तीन मार्कांनी गेलं, म्हणजे वशिला होताच ना?’

न्यायाधीश भरतीचा निकाल लागला की समुपदेशनाला येणाऱ्या तरुण वकिलांच्या तोंडी एकच वाक्य असतं: “मॅडम, नुसत्या अभ्यासाने काही होत नाही, वर माणूस लागतो.” हे खोटं आहे असं म्हटलं तर समोरच्याला पटत नाही. खरं आहे असं म्हटलं, तर बोलणं तिथेच संपतं. या दोन्हींच्या मधे बरंच काही असतं, म्हणून एक प्रकरण सविस्तर देत आहे. ओळख पटू नये यासाठी गाव, वय आणि गुण बदलले आहेत.

वय ३२, खुला प्रवर्ग, तालुका न्यायालयात सहा वर्षांची वकिली. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर व न्यायदंडाधिकारी प्रथम वर्ग या पदाची पूर्वपरीक्षा पार, मुख्य परीक्षा पार, मुलाखत झाली, पण शिफारस यादीत नाव नाही. निकालापासून कोर्टात जाणं बंद. पहाटे तीनला जाग येते आणि हात आधी टेलिग्रामकडे जातो. सोबत आलेले वडील म्हणाले, “गल्लीतली माणसं हिला आधीच जजसाहेब म्हणायला लागली होती. आता ही दूध आणायलासुद्धा बाहेर पडत नाही.”

तिने आणलेली फाईल बघण्यासारखी होती. निवड यादीची छापील प्रत, त्यात सात नावांवर पिवळा हायलायटर आणि आडनावांभोवती लाल शाईची वर्तुळं. समासात बारीक अक्षरात ‘जजचा पुतण्या?’, ‘सरकारी वकिलांची मुलगी’, ‘क्लासवाल्यांचा माणूस’. शेवटच्या पानावर एका ग्रुपचा निरोप चिकटवलेला: याचिका करायची आहे, माणशी पाच हजार, शुक्रवारपर्यंत. तिचा प्रश्न होता, पैसे भरू का?

अशा वेळी कागदावर तीन रकाने आखायला सांगायचे: स्वतः पाहिलं, कुणाकडून ऐकलं, मनाने धरून चाललो. वकिलांना हे चटकन जमतं, कारण रोज साक्षीदाराला ते हेच विचारतात. स्वतःच्या बाबतीत मात्र विसरतात. तिच्या अकरा तक्रारींपैकी ‘पाहिलं’मध्ये तीनच बसल्या. प्रक्रिया लांबली, मुलाखत थोडक्यात आटोपली, आणि मुलाखतीत गुण कमी पडले. आडनावांचा सगळा मजकूर तिसऱ्या रकान्यात गेला. पाटील-शिंद्यांच्या आडनावावरून नातं सिद्ध होत असतं तर अख्खा महाराष्ट्र एकमेकांचा सोयरा निघाला असता, यावर ती पहिल्यांदा हसली.

याचा अर्थ नात्याची शंका घ्यायचीच नाही असा नाही. ती नेमकी घ्यायची. अशोककुमार यादव प्रकरणात (१९८५) सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं आहे की मुलाखत मंडळावरच्या सदस्याचा जवळचा नातेवाईक उमेदवार असेल, तर त्या उमेदवाराच्या मुलाखतीतून आणि त्याच्या गुणांच्या चर्चेतून त्या सदस्याने बाजूला व्हायला हवं. म्हणजे विचारायचं हे, की मंडळावर कोण होतं, त्यांचं यादीतल्या कुणाशी नातं आहे का, आणि ते त्या मुलाखतीला बसले का? कुठल्यातरी जिल्ह्यातल्या न्यायाधीशाचा पुतण्या निवडला गेला, एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. न्यायाधीशाच्या घरातली मुलं वकिली करतात आणि परीक्षाही देतात. त्यांना घरबसल्या मार्गदर्शन मिळतं, ही विषमता आहेच, पण तिला गैरव्यवहार म्हणता येत नाही.

मग गुणांकडे वळलो. लेखी दोन पेपर, प्रत्येकी १००, मुलाखत ५०, एकूण २५०. पूर्वपरीक्षेचे गुण चाळणीपुरतेच, ते पुढे धरत नाहीत. तिला दिवाणीच्या पेपरात ५३, फौजदारीत ५०, मुलाखतीत २२. बेरीज १२५. प्रवर्गातली शेवटची निवड १२८ वर. ती म्हणत होती, “मुलाखतीत तीन मार्क जास्त दिले असते तर मी आत होते.” हिशेब बरोबर आहे. पण फौजदारीच्या पेपरात वेळ संपल्यामुळे शेवटचा प्रश्न अर्धा सुटला, हे तिनेच नंतर सांगितलं, आणि तो प्रश्न पूर्ण झाला असता तरी ती आत होती. मनाला पहिला हिशेब सोपा जातो, कारण त्यात चूक दुसऱ्याची असते. हे तिला तोडून सांगितलं नाही. गुणपत्रिका समोर ठेवून बेरीज तिलाच दोनदा करायला लावली.

मुलाखतीला एवढं वजन असावं का, हा प्रश्न रास्त आहे. ५० गुण म्हणजे २५० पैकी २० टक्के. अशोककुमार यादव निकालात हरियाणाच्या नागरी सेवेसाठी मुलाखतीला १२.२ टक्क्यांवर वजन नको असं म्हटलं होतं, हे टेलिग्रामवर फिरत असतं. पण त्याआधी लीला धर प्रकरणात (१९८१) राजस्थानच्या मुन्सिफ (कनिष्ठ दिवाणी न्यायाधीश) भरतीसाठी २५ टक्के मुलाखत वैध ठरली होती, आणि न्यायिक पदांच्या बाबतीत हाच निकाल जवळचा आहे. मुलाखतीत किमान गुणांची अट घालण्यालाही मे २०२४ मध्ये, बिहार आणि गुजरातच्या न्यायिक भरतीच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली. नियमात तसं बंधन नसेल तर मंडळाला गुणांमागची कारणंही लिहून ठेवावी लागत नाहीत. तेव्हा ‘२२च का?’ याचं उत्तर तिला कुठल्याही कार्यालयातून मिळणार नाही. आशेला लावून ठेवण्यापेक्षा हे पहिल्याच भेटीत सांगितलेलं बरं. ती दहा मिनिटं रडली, आणि त्यानंतरच कामाचं बोलणं सुरू झालं.

न्यायालय हमखास लक्ष घालतं ते खेळ सुरू झाल्यावर नियम बदलले तर. तेजप्रकाश पाठक प्रकरणात ७ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने हे पुन्हा पक्कं केलं. राजस्थान उच्च न्यायालयातल्या अनुवादकांच्या १३ पदांसाठी परीक्षा झाल्यावर ७५ टक्क्यांची अट लावली होती. म्हणून जाहिरात पहिल्या दिवशीच पीडीएफमध्ये जतन करा, शुद्धिपत्रकं तारखेनुसार ठेवा, आणि निकालानंतर ताडून पाहा. तिने ताडलं. एकही अट बदललेली नव्हती.

आणि बदललेली असती तरी? केरळच्या जिल्हा न्यायाधीश भरतीत तोंडी परीक्षा उरकल्यावर तिथे किमान गुणांची अट लावली गेली. घटनापीठाने जुलै २०२३ मध्ये ती चुकीची ठरवली. म्हणजे उमेदवार जिंकले. पण तोवर सहा वर्षं उलटली होती, निवडलेले न्यायाधीश खुर्चीवर बसून काम करत होते, त्यांना उठवायला न्यायालय तयार झालं नाही. याचिकेसाठी वर्गणी मागणाऱ्या ग्रुपवर या शेवटच्या भागाची चर्चा कधी दिसत नाही.

याचिकेचं बाकीचंही सांगणं भाग होतं. ग्रुपवर ‘मॅट’मध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, जायचं ठरलं होतं. इतर सरकारी पदांसाठी ते योग्य, पण प्रशासकीय न्यायाधिकरण कायदा उच्च न्यायालयाला आणि त्याच्या अधीनस्थ न्यायालयांच्या अधिकारी-कर्मचाऱ्यांना लागू नाही, त्यामुळे इथे उच्च न्यायालयाचंच दार. निवडलेल्यांना, निदान प्रातिनिधिक स्वरूपात तरी, पक्षकार केलं नाही तर याचिका पहिल्याच पायरीवर अडखळते. आणि सगळ्यात मोठी अडचण मदनलाल निकालाची (१९९५), तीही जम्मू-काश्मीरच्या मुन्सिफ भरतीतलीच: मुलाखतीला मुकाट्याने बसून, निकाल विरोधात गेल्यावर त्याच पद्धतीवर आक्षेप घेता येत नाही. आक्षेप असेल तर जाहिरात आली तेव्हाच लेखी नोंदवायचा. हे सगळं ऐकून तिने पाच हजार भरले नाहीत. मी ‘भरू नका’ म्हटलं नव्हतं.

माहिती अधिकाराचा अर्ज मात्र करायला हवा, आणि तो लवकर, कारण उत्तरपत्रिका कायम जपून ठेवत नाहीत. बहुतेकांचे अर्ज इथेच फसतात. ‘माझी निवड का झाली नाही?’ असं लिहिलं की उत्तर येतं, माहिती उपलब्ध नाही. कारण मागायचं नसतं, कागद मागायचा. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, शुल्क १० रुपये. तिच्या अर्जात तीनच गोष्टी घेतल्या: स्वतःच्या दोन्ही उत्तरपत्रिकांच्या प्रती, पेपरनिहाय व मुलाखतीचे गुण, आणि तिच्या प्रवर्गात शेवटच्या क्रमांकावर शिफारस झालेल्या उमेदवाराचे लेखी व मुलाखतीचे वेगवेगळे गुण. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांचा स्टॅम्प लावून.

उत्तरपत्रिका मिळतीलच असं नाही. यूपीएससीच्या प्रकरणात २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या सरसकट देता येणार नाहीत असं म्हटलं, आणि नकारपत्रात तोच निकाल येतो. दुसऱ्या उमेदवाराच्या गुणांबाबत मुंबई उच्च न्यायालयाचा नोव्हेंबर २०२४ चा निकाल उपयोगी आहे. पुणे जिल्हा न्यायालयातल्या कनिष्ठ लिपिक भरतीत इतरांचे गुण द्यायला सांगितलं होतं. मात्र नव्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातल्या व्यक्तिगत माहितीच्या कलमाची भाषा बदलली आहे, तेव्हा व्यापक जनहित काय, हे अर्जातच एका ओळीत लिहावं. फेरपडताळणी आणि फेरमूल्यांकन यांचीही गल्लत होते. बेरीज तपासून घेता येते, पण नियमात तरतूद नसेल तर उत्तर पुन्हा तपासून मिळत नाही.

यापुढच्या भेटी कायद्याच्या नव्हत्या. सहा वर्षांची वकिली तिने परीक्षेसाठी जवळजवळ सोडून दिली होती, आणि खुल्या प्रवर्गात वकिलांना वयाची मर्यादा ३५ ची. ‘सगळं सोडून पुन्हा अभ्यास’ हा बेत अशा वेळी घातक ठरतो, कारण पुढची जाहिरात कधी येईल ते हातात नसतं आणि रिकामा दिवस टेलिग्रामनेच भरतो. आठवड्यातले तीन दिवस कोर्ट, सुरुवातीला फक्त तारीख मागण्याची कामं, असं ठरलं. लोक विचारतील त्याला उत्तरही पाठ करून ठेवलं: “यादीत नाही आले, काम काय आहे बोला.” पहिल्या दिवशी हे वाक्य तिला चारदा वापरावं लागलं. ग्रुप तिने सोडला नाही, म्यूट केला. तेवढ्यावर मी समाधानी होते.

तिच्या ज्युनिअर मैत्रिणींची तक्रार वेगळी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २० मे २०२५ च्या निकालाने या पदासाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा आवश्यक केली. ती तात्पुरत्या सनदेपासून धरतात, आणि निदान दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाचं प्रमाणपत्र लागतं, त्यावर न्यायालयाच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचा शेरा हवा. सिनिअरच्या वकीलपत्रावर आपलं नाव नसेल आणि रोजनाम्यात हजेरी नसेल तर तिसऱ्या वर्षी पळापळ होते. वकीलपत्रावर नाव घालून घ्या, हे सिनिअरला पहिल्याच महिन्यात सांगायला लाजू नये.

शेवटच्या भेटीत वडिलांनी विचारलं, “मॅडम, मग तक्रार करायचीच नाही का?” करायची. तिच्या ‘पाहिलं’च्या रकान्यात एक तक्रार भक्कम होती: विलंब. मलिक मझहर सुलतान प्रकरणात ४ जानेवारी २००७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वेळापत्रकच घालून दिलं आहे. १५ जानेवारीपर्यंत रिक्त पदं, १ फेब्रुवारीला जाहिरात, १५ मेला पूर्वपरीक्षा, १ डिसेंबरला नियुक्तीपत्रं. एका वर्षात संपायचं काम लांबतं तेव्हा उमेदवाराचं वय जातं, आणि ते कुठल्याही अपिलात परत मिळत नाही. तिने लोकसेवा आयोगाला आणि उच्च न्यायालयाच्या महाप्रबंधकांना (रजिस्ट्रार जनरल) एक पानी निवेदन लिहिलं. डाव्या बाजूला वेळापत्रकातली तारीख, उजव्या बाजूला प्रत्यक्षातली, स्वतःच्या गुणांचा उल्लेख नाही. बार रूममध्ये ते फिरवलं तेव्हा अकरा जणांनी सही केली. त्यातले दोघं याच यादीत निवडले गेलेले होते, नियुक्तीपत्राची वाट बघत.