सीमा बंद केली, तर अंडी कोण घेणार?

कॅरिबियन समुद्रातल्या हिस्पॅनिओला बेटाचा पश्चिमेकडचा भाग हैतीचा, पूर्वेकडचा डॉमिनिकन रिपब्लिकचा. या दोन शेजाऱ्यांबद्दल आलेल्या पत्रांतून चार प्रश्न घेतले आहेत.

बेट एकच, मग एक देश सुस्थितीत आणि दुसरा कंगाल का? हैतीची जमीनच नापीक आहे का?

अठराव्या शतकात चित्र नेमकं उलटं होतं. फ्रेंचांकडचा पश्चिम भाग साखर आणि कॉफीवर जगातल्या सर्वांत किफायतशीर वसाहतींत गणला जाई आणि स्पेनकडच्या पूर्व भागात मुख्यतः गुरं चरत. अर्थात ती श्रीमंती गुलामांच्या जिवावर होती. त्यांनी १७९१ मध्ये बंड केलं आणि १ जानेवारी १८०४ रोजी हैती स्वतंत्र झाला. त्याची किंमत १८२५ मध्ये वसूल झाली. फ्रान्सनं युद्धनौका पाठवून मळेवाल्यांच्या 'नुकसाना'पोटी १५ कोटी फ्रँक मागितले. या नुकसानात मुक्त झालेले गुलामही धरले होते! पुढे रक्कम ९ कोटींवर आली, पण पहिल्याच हप्त्यासाठी फ्रेंच बँकांचं कर्ज काढावं लागलं. या व्यवहारातून उरलेलं देणं फिटायला १९४७ उजाडलं.

तरीही सगळं खापर फ्रान्सवर फोडता येत नाही. १९६० च्या सुमारास दोन्ही देशांचं दरडोई उत्पन्न जवळपास सारखं होतं. आज डॉमिनिकन उत्पन्न पाच-सहा पट आहे. मधल्या काळात हैतीत द्युवालिए बाप-लेकांची हुकूमशाही १९८६ पर्यंत चालली आणि नंतर सत्तापालटांची रांग लागली. शेजाऱ्यानं त्याच काळात निर्यात क्षेत्रं उभारली, किनाऱ्यावर हॉटेलं बांधली. २०२३ मध्ये तिथे क्रूझचे प्रवासी धरून एक कोटीवर पाहुणे आले. हैतीनं मात्र १९९५ मध्ये बाहेरच्या दबावाखाली तांदळावरची आयात जकात ५० टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणली. अमेरिकेचा स्वस्त तांदूळ आला आणि आर्तिबोनीत खोऱ्यातला भातउत्पादक बसला. हे धोरण चुकलं, अशी कबुली बिल क्लिंटन यांनी २०१० मध्ये सिनेटच्या समितीपुढे दिली.

आमच्या बीडकडून ऊसतोडीला टोळ्या जातात. हैतीचे मजूर शेजारी जातात ते तसंच का?

कोयता आणि कष्ट तेच, पण त्यांच्या वाटेत आंतरराष्ट्रीय सीमा आहे. १९५२ पासून १९८६ पर्यंत दोन्ही सरकारांत मजूर पुरवण्याचे करार होते आणि त्यापोटी हैतीच्या राज्यकर्त्यांना पैसे मिळत. म्हणजे इथे सरकारच मुकादम! त्याआधी १९३७ मध्ये डॉमिनिकन हुकूमशहा त्रुहियोच्या सैनिकांनी सीमाभागात हैतीच्या हजारो लोकांची कत्तल केली होती. तरीही मजूर येत राहिले, कारण साखर कारखान्यांना ते हवेच होते.

हंगाम संपला की बीडचा मजूर गावी परततो. हैतीचे कित्येक जण मळ्यांतल्या 'बाते' नावाच्या वस्त्यांतच राहिले, मुलं तिथेच जन्मली. २०१३ मध्ये डॉमिनिकन घटनात्मक न्यायालयानं निकाल दिला, की परदेशी आई-वडिलांकडे वैध कागद नसतील, तर १९२९ नंतर तिथे जन्मलेलीही नागरिक नाहीत. आजी-आजोबा झालेली माणसं एका निकालानं परकी ठरली. पुढच्या वर्षीच्या कायद्यानं काहींना दिलासा दिला, सगळ्यांना नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये तर सरकारनं आठवड्याला १०,००० पर्यंत लोक परत पाठवायचं ठरवलं. बांधकामं आणि केळीचे मळे याच हातांवर चालतात, त्यामुळे मजूर मिळत नसल्याची ओरडही तिथलेच मालक करतात. मला हा निव्वळ दुटप्पीपणा वाटतो.

दोन्ही देश एकत्र येतील का?

नाही. १८२२ ते १८४४ सारं बेट हैतीच्या अमलाखाली होतं. डॉमिनिकन लोक २७ फेब्रुवारीला जो स्वातंत्र्यदिन पाळतात, तो हैतीपासून सुटल्याचा आहे, स्पेनपासून नव्हे.

२०२३ मध्ये कालव्यावरून सीमा बंद झाली होती. तो वाद काय होता?

मासाक्रे नदी काही अंतर दोन्ही देशांची हद्द आहे. वानामेंत गावाजवळ हैतीच्या शेतकऱ्यांनी वर्गणी आणि अंगमेहनतीवर कालवा खोदायला घेतला. १९२९ च्या करारानं पाण्यावर दोघांचाही न्याय्य हक्क मानला आहे, पण प्रत्येकानं त्याचा अर्थ आपल्या सोयीचा लावला. डॉमिनिकन राष्ट्राध्यक्ष लुइस आबिनादेर यांनी १५ सप्टेंबरला सगळी सीमा बंद केली.

फटका बसला तो सीमेवरच्या डॉमिनिकन गावाच्या, दाहाबोनच्या बाजाराला. एरवी सोमवारी आणि शुक्रवारी फाटक उघडलं, की हैतीच्या बायका पुलावरून लोटतात. डोक्यावर जुन्या कपड्यांची गाठोडी, सोबत हातगाड्या. परतताना अंडी, शेवया, पीठ, केळी. डॉमिनिकन अंडी-कोंबड्यांचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे हैतीच, त्यामुळे फाटक बंद होताच पोल्ट्रीवाल्यांचा माल पडून राहिला. ऑक्टोबरमध्ये डॉमिनिकन बाजूनं व्यापारापुरती सीमा उघडली, तेव्हा हैतीनं आपलं फाटक लावूनच ठेवलं. कालव्याचं कामही थांबलं नाही.

त्याच वानामेंतमध्ये, नदीला लागून कोडेवी नावाची औद्योगिक वसाहत आहे. मालकी डॉमिनिकन कंपनीची, शिवणयंत्रांवर हैतीचे कामगार, आणि तयार कपडे जायचे अमेरिकेला, हैतीला मिळालेल्या जकात सवलतीवर.