जुन्या लॅपटॉपात आपल्याच जमिनीचे कागद

प्रश्न: वकीलसाहेब, मी तारकर्लीला होमस्टे चालवते. कुडाळच्या एका रिपेअरवाल्याकडून जुना लॅपटॉप घेतला, बिल नाही. ५०० जीबी सांगितलेला, सी ड्राइव्ह ३८४ दाखवतो. भाच्याने विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट उघडलं तर ८० जीबीचं लपलेलं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा वेगळा केलेला भाग निघाला, त्याला ड्राइव्ह लेटर (सी, डी असं अक्षर) देऊन बघितलं तर आत कुणाकुणाची आधार-पॅन, खरेदीखतं, आणि एकावर आमच्या सामाईक जमिनीचा सर्व्हे नंबर! दुकानदार म्हणतो फॉर्मॅट मारा. मी अडकेन का?

उत्तर: ताई, फॉर्मॅट अजिबात मारू नका. लॅपटॉप बंद करा आणि भाच्याला सांगा आता परत उघडायचा नाही.

तुमचे ३८४ आणि लपलेले ८० धरून ५०० चे साधारण ४६५ दिसतात त्यात फसवणूक नाही, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने. १०० एमबीचं ईएफआय, रिकव्हरी असली छोटी पार्टिशनं विंडोजची स्वतःची असतात, ईएफआय उडवलं तर मशीन सुरूच होणार नाही. पण ८० जीबीचं ते नक्की आधीच्या मालकाचं, नुसतं ड्राइव्ह लेटर काढलं की पार्टिशन दिसेनासं होतं, डेटा आत तसाच राहतो, दुकानदाराने सी तेवढा साफ करून विकला असणार.

आता गुन्ह्याचं. आयटी कायद्याच्या कलम ४३ मध्ये परवानगीशिवाय डेटा कॉपी करणं येतं, आणि तेच अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केलं तर कलम ६६ चा गुन्हा. तुमच्या हाती हे चुकून लागलं, तेवढ्याने तुम्ही आरोपी होत नाही, पण त्यातलं एक जरी खरेदीखत फोटो काढून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलंत तर मला तुमची बाजू मांडणं कठीण जाईल. आणि पुरावा ठरू शकेल अशी गोष्ट मुद्दाम पुसली तर भारतीय न्याय संहितेचं कलम २४१ आहे, म्हणून फॉर्मॅट नको म्हटलं. बिलाचं आजच बघा, दुकानदाराकडून सिरीयल नंबर, किंमत, त्याने माल कुणाकडून घेतला हे सहीनिशी लिहून घ्या, उद्या लॅपटॉप चोरीचा निघाला तर तोच कागद कामी येईल.

जमिनीची धाकधूक मला कळते, आपल्याकडे सातबारावर वीस-वीस नावं आणि निम्मे हिस्सेदार मुंबईला. पण ते खत नुसता मसुदा असेल, आजोबांच्या वेळचंही असेल, आणि हिस्सेदाराला स्वतःचा अविभक्त हिस्सा विकता येतो, फक्त तुमचा विकता येत नाही. त्यामुळे लगेच मुंबईला फोन करून भांडण काढू नका. खत रजिस्टर झालं असेल तर ते दुय्यम निबंधकाकडे आहेच, सर्व्हे नंबर देऊन सर्च घ्या, इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा उतारा काढा, तलाठ्याकडे फेरफार बघा, सरकारच्या ‘आपली चावडी’ या संकेतस्थळावर फेरफाराची नोटीस लागली आहे का तेही. हे कागद तुम्हाला राजरोस मिळतात, त्यासाठी डिस्कमध्ये डोकवायला नको.

डिस्क काढून पाकिटात सील करा, वर तारीख आणि तुमची व भाच्याची सही, लॅपटॉपला नवीन एसएसडी टाका. व्यवहारात खोट निघालीच तर ती डिस्क पोलिसांकडे द्यायची, कारण साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्रात हॅश व्हॅल्यू, म्हणजे डेटाचा डिजिटल ठसा लागतो आणि तोवर कुणी ती चाळत बसलं की समोरचा वकील तेच धरून बसणार.

इंडेक्स टू हाती आला की लिहून देणाऱ्यांची, म्हणजे विकणाऱ्यांची नावं आणि नोंदणीची तारीख मला कळवा, तुमच्या आईचं नाव त्यात असेल तर त्याच दिवशी या.