परजीवी, परोपजीवी आणि बिचारं बांडगूळ

प्रश्न असा आहे: मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'परजीवी' असं छापलंय, आजोबा मात्र 'परोपजीवी' हाच शुद्ध शब्द म्हणून अडून बसलेत. खरं कोण? आणि बांडगूळ परजीवी असतं ना?

आधी शब्दाचं बघू. दोन्ही बरोबर आहेत. पर + उपजीवी = परोपजीवी; 'परोपकार'मध्ये होते तीच संधी. उपजीवी म्हणजे कशाच्या तरी आधारावर उपजीविका करणारा. आजोबांचा आग्रह या 'उप'साठी असणार. पण नुसत्या 'जीवी'लाही हा अर्थ आहेच. बुद्धीवर पोट भरणारा बुद्धिजीवी, श्रमावर भरणारा श्रमजीवी, तसा दुसऱ्यावर भरणारा परजीवी. गंमत म्हणजे कुजक्या लाकडावरच्या भूछत्राला पाठ्यपुस्तकं 'मृतोपजीवी'च म्हणतात. तिथे 'उप' गाळला तर 'मृतजीवी' उरेल, आणि ते मेलेलं की जिवंत असा प्रश्न पडेल. परीक्षेत मुलीनं पुस्तकातला शब्द लिहावा, घरी आजोबांचा बोलावा.

आता बांडगूळ. मराठीत ही शिवी झाली आहे. घरात बसून खाणाऱ्या मेहुण्यापासून राजकीय विरोधकापर्यंत कुणालाही ती लागू पडते. आंब्यावरचं बांडगूळ नीट बघा मात्र: जाड, हिरवीगार पानं. म्हणजे हरितद्रव्य आहे, आपलं अन्न ते आपणच बनवतं. फांदीत शोषक मुळं घुसवून घेतं ते मुख्यतः पाणी आणि खनिजं. म्हणून ते अर्धपरजीवी. पसरतं फुलटोच्या पक्ष्यामुळे. फळ खाल्ल्यावर चिकट बी सहज सुटत नाही, पक्षी ते फांदीला पुसतो आणि तिथेच ते रुजतं. आंब्याची फांदी वाळते हे खरं, बागायतदार वैतागतो तेही खरं. पण ऐतखाऊ म्हणावं असं ते नाही.

खरी ऐतखाऊ अमरवेल. पिवळे दोरे, पानं जवळजवळ नाहीतच, मातीशी संबंध तुटलेला, सगळं अन्न पोशिंद्या झाडाकडून. ('यजमान'ही म्हणतात, पण मला 'पोशिंदा' आवडतो. यजमानाकडचा पाहुणा कधीतरी जातो.) ही पूर्ण परजीवी. नाव मात्र केवढं मंगल! नावं ठेवणाऱ्यांनी इथे उलटापालट केली असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरा गोंधळ ऑर्किडचा. झाडावर उगवलेलं दिसलं की बांडगूळ, असं सरसकट म्हणतात. पण पावसाळ्याच्या तोंडाला फुलणारी सीतेची वेणी झाडाकडून बसायला जागा घेते, बाकी काही नाही. पाणी तिची मुळं पावसाचं आणि हवेतल्या ओलाव्याचं मिळवतात. तिच्यासाठी शब्द 'अपिवनस्पती'. भाडं न देणारी भाडेकरू म्हणा हवं तर, पण चोर नव्हे.

उलट, चोरी बऱ्याचदा जमिनीखाली चालते आणि दिसत नाही. ज्वारीच्या मुळांना चिकटणारा टारफुला शेतकऱ्याला चांगला ठाऊक असतो. पण चंदन? तेही अर्धपरजीवी आहे. त्याची मुळं शेजारच्या झाडांच्या मुळांना जोडून घेतात आणि पाणी-खनिजं ओढतात. म्हणून चंदनाची लागवड करणारे रोपाजवळ तूर लावतात; एकटं चंदन नीट वाढत नाही. ज्याच्यासारखं झिजावं असं आपल्याला लहानपणापासून सांगितलं, ते परोपकाराचं झाड वनस्पतिशास्त्राच्या वहीत परोपजीवी निघतं. संधी दोन्हीकडे तीच, पर + उप.

तेव्हा बांडगुळापुढे मुलीनं 'अर्धपरजीवी' लिहावं. आणि देवघरात सहाणेवर उगाळतात ते खोड लहानपणी तुरीच्या जिवावर वाढलेलं असू शकतं, हे आजोबांना जरा बेतानं सांगा.