द्राक्षाच्या पॅकहाउसला आरसीसी की लोखंडी सांगाडा?

पिंपळगाव बसवंतजवळ 60 बाय 100 फुटांचं पॅकहाउस बांधायचंय आणि लोखंड गंजेल याची तुम्हाला भीती आहे. मी नाशिकच्या अंबडला फॅब्रिकेशन, म्हणजे लोखंडी सांगाडे बनवायचं काम करतो. माझं मत लोखंडी सांगाड्याचंच, पण भीतीही रास्त आहे.

पॅकहाउसमध्ये खांब म्हणजे अडथळा. क्रेटच्या थप्प्या, पॅकिंगची टेबलं, आत वळणारा टेम्पो, सगळ्यांना मोकळी जागा लागते. 60 फुटांची रुंदी लोखंडी राफ्टर (छपराची तिरपी तुळई) मध्ये एकही खांब न देता पेलतो. साध्या आरसीसीत इतका लांब बीम अवाढव्य होतो.

वेळेचंही बघा. जानेवारीत माल सुरू होतो. तिकडे शेतावर फुटिंग (खांबाखालचा काँक्रीटचा पाया) भरली जात असताना इकडे कारखान्यात खांब-राफ्टर तयार होतात. एक मात्र जपा: काँक्रीट ओतताना खांब पायाला धरणारे फाउंडेशन बोल्ट टेम्प्लेटमध्ये, म्हणजे भोकं पाडलेल्या साच्यात, पक्के धरा. माझ्या एका कामात ते अर्धा इंच सरकले, खांबाच्या तळाची बेस प्लेट बसेना आणि हायड्रा क्रेन दिवसभर उभी राहिली. तेव्हापासून ओतकामाला मी स्वतः हजर असतो.

लोखंडी सांगाडा हलका. 300 मिमी उंचीचा आय सेक्शन (इंग्रजी I आकाराची तुळई) मीटरला सुमारे 46 किलो, तर 9 बाय 18 इंचांचा काँक्रीटचा खांब अडीचशेच्या वर. पण म्हणून फुटिंग लहान करू नका. आयएस 875 या इमारतींवरच्या भाराच्या भारतीय मानकात नाशिकसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर धरलाय, म्हणजे ताशी 140 किलोमीटर. असा वारा हलकी शेड वर उचलू पाहतो आणि तिला फुटिंगचं वजनच धरून ठेवतं. शिवाय काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. खोदाई मुरूम लागेपर्यंत न्या.

आता गंज. द्राक्षं टिकावीत म्हणून पेटीत ठेवतात त्या पॅडमधून सल्फर डायऑक्साइड वायू निघतो. ओलाव्याशी मिळून तो लोखंड खातो. नुसत्या रेड ऑक्साइडवर, म्हणजे साध्या तांबड्या प्रायमरवर, भागवू नका. सँडब्लास्ट करून (वाळूच्या माऱ्याने लोखंड साफ करून) इपॉक्सी रंग मारा, पॅड ठेवायची खोली वेगळी, हवेशीर ठेवा.

आगीचा धोकाही धरा. साडेपाचशे अंशांच्या आसपास पोलादाची ताकद निम्म्यावर येते, म्हणून कोल्ड रूमजवळच्या खांबांना आगरोधक रंग द्या.

पुढे शेड लांबवायचा विचार असेल तर आत्ताच सांगा. मग शेवटची फ्रेमही (खांब-राफ्टरची जोडी) मधल्यांसारखीच पूर्ण ताकदीची करता येते आणि पुढचे गाळे तिथूनच बोल्टने जोडता येतात.